बारमाही मटर

एप्रिलच्या उन्हात बीरगांवातली कुत्रीसुद्धा नाल्याच्या पुलाखालून बाहेर पडत नाहीत, तेव्हा आमच्या शेजारचे ढोमणे मटराच्या वेलावर छत्री धरून बसलेले असतात. छत्री वेलावर, स्वतःचं टक्कल उन्हात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना ऊन लागलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि वेलाच्या मुळाशी ओतला.

"अहो भाऊजी, मटर हे थंडीचं पीक," मी म्हटलं. "शेंबडं पोरही सांगेल."

"हव," ते म्हणाले. "पण मातीले विचारलं का तुम्ही?"

हे त्यांचं पालुपद. माझा गुडघा दुखतो म्हटलं, तरी मातीले विचारा. घराला कोणता रंग द्यावा म्हटलं, तरी मातीले विचारा. एकदा गॅसचं सिलिंडर आलं नाही म्हणून मी करवादत होते, तर यांनी कुंपणापलीकडून तोंड उघडलं. मी तिथूनच हात जोडले आणि आत गेले.

ढोमणे मूळचे वर्ध्याकडचे. तीस वर्षं इकडे हिंदी मुलखात, सिलतऱ्यातल्या एका कारखान्यात लोखंडाच्या भट्टीवर होते. घराला लागून एक रिकामा प्लॉट त्यांनी मुलासाठी, नितीनसाठी, घेऊन ठेवला होता. नितीन हैदराबादला नोकरीला लागला, तिथेच घर घेतलं, आणि रिटायर झालेले ढोमणे फावडं घेऊन प्लॉटात उतरले. रासायनिक खताचा एक दाणा नाही, फवारणी नाही. सगळं शेणावर, पाल्यावर आणि ढोमण्यांच्या भाषणांवर.

आमच्याकडे सकाळी अंगण झाडलं की केरसुणीला काळी भुकटी लागते. कारखान्यांची मेहेरबानी. ती भुकटी भाजीवरही बसते. मग ढोमणे जुन्या बनियनचा ओला बोळा घेऊन निघतात आणि पान न् पान पुसतात. वांग्याचं पान वरून पुसायचं, मग उलटं करून खालून पुसायचं. मेथी पुसताना मी त्यांना पाहिलं आहे, आणि मेथी पुसणारा माणूस काय असतो ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

"काहून एवढी मरमर करता?" मी एकदा विचारलं.

"तीस वर्षं मीच धूर केला वहिनी," ते म्हणाले. "आता मीच पुसून राहिलो."

मी कुंपणावरून हात घालून एक पान पदराने पुसलं. सहसा माझ्याकडून असं होत नाही.

पण माझं त्यांच्याशी भांडणही झालं आहे, आणि चांगलं कडाक्याचं. कारण त्यांचा ड्रम. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन एका निळ्या ड्रममध्ये कालवून ते आठवडाभर आंबवायचं, आणि त्याला नाव जीवामृत. तो ड्रम बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. पावसाळ्यात एके दिवशी माझी पोळी तव्यावर आणि पदर नाकावर, तेव्हा मी ठरवलं, आज सोक्षमोक्ष लावायचा. तावातावाने गेले. अर्ध्या तासाने परत आले ती ओटीत दोडके, बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा आणि भेंडी घेऊन. ड्रम तिथेच आहे.

खरी शेती मात्र प्रमिलाताईंची. त्या ढोमण्यांच्या पत्नी, बोलणं कमी आणि हात सारखा चालू. स्टीलच्या डब्यांत राखेत घोळून बी ठेवायचं त्यांनी. पाऊस मुरला की वाफे पाडायचे, कार्तिकात वांगी आणि टमाटर लावायचे, लाल भाजीचं बी फेकायचं, होळीनंतर काकडी-कारल्याची आळी करायची, सगळं त्यांनी. नवरा नुसता काठी घेऊन वेलांना सूचना देतो. एवढं सगळं पिकायचं आणि खाणारी माणसं दोन. त्यामुळे आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, हिवाळ्यात कोणी भाजी विकत घेत नाही. ढोमण्यांच्या घरून टोपलं येतं, आणि बरोबर ती भाजी कशी चिरायची याचं भाषण.

राहिला मटर. तो मात्र मला कोडंच होता. ढोमणे दर पंधरा दिवसांनी मटराची एक ओळ पेरत. हिवाळ्यात ठीक आहे, पण माघातही पेरत, फागातही पेरत, चैत्रातही पेरत. उगवायचं, वीतभर वाढायचं आणि करपायचं. पावसाळ्यात सडायचं. हे पुन्हा पेरायचे. मी सरळ प्रमिलाताईंना गाठलं.

त्या आळं खुरपत होत्या. खुरपणं न थांबवता म्हणाल्या, "पिहूसाठी."

पिहू म्हणजे नितीनची मुलगी. तीन वर्षांपूर्वी ती डिसेंबरात आली होती, चार वर्षांची. तेव्हा मीही तिला पाहिलं होतं. मटराच्या वाफ्यात फतकल मारून बसली होती, शेंगा ओरबाडून दाणे खात होती आणि फ्रॉकच्या ओच्यात सालांचा ढीग. जायच्या दिवशी गाडीत बसेना. "दादू, और मटर" म्हणून रडली. त्यानंतर ते लोक आलेले नाहीत.

"आता कधी येतील, कोणाले माहीत," प्रमिलाताई म्हणाल्या. "म्हणून हे पेरत राहतात. जेव्हा येईल तेव्हा एक तरी ओळ शेंगेवर पाहिजे."

"मग नितीनला तारीख विचारून घ्या ना. एवढा खटाटोप कशाला?"

"मीही तेच म्हणते. मातीले विचारते हा माणूस, पोट्ट्याले नाही विचारत. हा म्हणते, विचारलं का त्याईले वाटते, बुढा जबरदस्ती करून राहिला. त्याईचं आपलं काम असते, सुट्ट्या नसतात."

मला आधी हसू आलं आणि मग मीही खाली बसून तण उपटायला लागले. दर रविवारी यांचा फोन चालतो तो मी कुंपणापलीकडून ऐकते, कारण ढोमणे भट्टीवर बोलायच्या आवाजात बोलतात. पाऊस किती झाला, काकडी कशी झाली, सगळं सांगतात. तिकडून नितीन "अच्छा पापा, अच्छा पापा" करतो. आणि शेवटी हे म्हणतात, "चल, ठेवतो. तुले काम असन." एकदाही "ये" म्हणत नाहीत.

यंदा अक्तीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, लग्नसराईत भिलाईला सुनेच्या माहेरी लग्न निघालं आणि नितीनचा फोन आला, दोन दिवस घरी येतो. ढोमण्यांनी त्या आठवड्यात काय काय केलं, विचारू नका. ओली पोती, हिरवी जाळी, ती छत्री. सगळ्या ओळी करपल्या, पण पाण्याच्या टाकीच्या सावलीतल्या एका वेलाला दोन शेंगा धरल्या. नखाएवढ्या. मला बोलावून दाखवल्या. मीही, देवाशप्पथ, श्वास रोखून पाहिल्या.

ते आले. पिहू सात वर्षांची झाली होती, पायात बूट, हातात मोबाइल. ढोमणे तिला बोट धरून टाकीपाशी घेऊन गेले. आम्ही सगळे मागे. त्यांनी बोळ्याने शेंगा पुसल्या आणि म्हणाले, "तोड बेटा. तुह्यासाठीच आहे."

पिहूने शेंगांकडे पाहिलं, मग आईकडे. "दादू, मुझे मटर अच्छा नहीं लगता. मम्मी पुलाव में से भी निकाल देती है."

सून ओशाळली. मला त्या पोरीचा राग यावा असं वाटलं, पण येईना, तिचा काय दोष?

ढोमणे म्हणाले, "हव. बरोबर आहे. मोठी झाली ना आता." आणि मग वाकून विचारलं, "मग काय आवडते तुले?"

"स्ट्रॉबेरी."

दोन दिवसांनी ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन ढोमण्यांकडे गेले. म्हटलं, माणूस खचला असेल, जरा बसावं. तर ते मटराचे वेल उपटून बांधावर टाकत होते आणि तोंडाने काही पुटपुटत होते. मला पाहताच म्हणाले, "वहिनी, तुमच्या मोबाइलमध्ये पाहा बरं, स्ट्रॉबेरी कशी लावतात ते."

मी पाहिलं आणि वाचून दाखवलं. ऑक्टोबरात रोपं लावायची, जानेवारी-फेब्रुवारीत फळ. थंडी संपली की संपलं.

"बारमाही नाही होत?"

"नाही भाऊजी. हिच्यावर छत्री धरूनही नाही होणार."

ते बांधावर बसले. चहा घेतला नाही. बराच वेळ मातीचं ढेकूळ हातात चुरत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तारीख ठरवा लागते."

"लागते."

त्यांनी खिशातून फोन काढला. हात मातीने भरलेले, म्हणून स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. रविवार नव्हता. नितीनने घाबरूनच उचलला, "क्या हुआ पापा? आई ठीक है?"

"सगळं ठीक आहे," ढोमणे म्हणाले, आणि पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज बारीक झालेला ऐकला. "तू... तुम्ही जानेवारीत येता का? पिहूले घेऊन. काम असन तर राहू दे. पण जमलं तर. मले वाटते, तुम्ही या."

पलीकडच्या वाफ्यात बसलेल्या प्रमिलाताई खुरपं हातात धरून उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, फोन कटला.

मग नितीन बोलला, आणि मराठीत बोलला. इतक्या वर्षांत मी त्याला मराठीत बोलताना ऐकलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही कधी या म्हटलंच नाही. मला वाटायचं, तुम्हाला आमची अडचण होते."

ढोमण्यांनी मातीच्या हातानेच डोळे पुसले. चेहरा सगळा बरबटला.

"म्हणून राहिलो ना आता," ते म्हणाले. "ये बाबू."