खामकर नानांचा हर्निया आणि नानींचा समुद्र

भिंगारच्या लष्करी डेपोत भांडारपाल असलेले खामकर नाना आपल्या हर्नियाची ओळख नोंदवहीतल्या मालासारखी करून देत. "हर्निया. नग एक. डावीकडचा. हालत वापरण्याजोगी." डेपोत प्रत्येक वस्तूपुढे हालत लिहावी लागते. पंचवीस वर्षं ते लिहिल्यावर नानांना दुसऱ्या तऱ्हेनं बोलता येत नसे.

मी त्यांचा शेजारी. नगरच्या एका दैनिकात बातमीदार होतो, म्हणून ते मला 'पेपरवाले' म्हणत.

नानींना समुद्र पाहायचा होता. त्या श्रीगोंद्याकडच्या कोरडवाहू गावच्या. पाझर तलावाहून मोठं पाणी त्यांनी पाहिलेलं नव्हतं. दर दिवाळीला त्या विचारत, "औंदा तरी समुद्र दावताय का?" नाना "व्हय" म्हणत आणि कामाला लागत.

काम म्हणजे पत्रव्यवहार. वाटेतल्या प्रत्येक एसटी स्थानकाला जोडकार्ड जाई, म्हणजे उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं पोस्टकार्ड. गाडीची पायरी जमिनीपासून किती उंच? रस्त्यात खड्डे किती? जवळचा सर्जन सुट्टीवर कधी जातो? एका वाहतूक नियंत्रकानं कळवलं, 'खड्डे मोजलेले नाहीत.' नानांनी त्यावर शेरा मारला, 'अहवाल अपूर्ण. प्रवास पुढे ढकलला.'

एकदा त्यांनी विमा एजंटाला घरी बोलावलं.

"प्रवासात हात गेला, पाय गेला, तर भरपाई आहे," एजंट म्हणाला.

"आन् आतडं अडकलं तर?"

"तो जुना आजार झाला, नाना. तो धरत नाहीत."

"मग तेवढा नग वगळून बाकीच्या मालाचा करा."

"त्यापेक्षा ऑपरेशन करून घ्या ना."

"टेबलावरनं उतरलो न्हाई, त्याचा विमा हाय का तुमच्याकडं?"

आतून नानींचा आवाज आला. "ह्यांचा हर्नियाचा पट्टा सुटला तर मी धरीन म्हनावं. पर गाडीत बसवा एकदाचं."

एजंटानं चहा संपवला आणि तो गेला.

पुढं दुष्काळ आला. नानी हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. दिवाळी आली. नाना भाऊबीजेपर्यंत थांबले आणि मग माझ्याकडे आले.

"हिनं इचारलं न्हाई," ते म्हणाले.

"विसरल्या असतील."

"अठरा सालं न्हाई इसरली."

पुढच्या आठवड्यात ते स्वतःहून दवाखान्यात दाखल झाले. नानींना त्यांनी ऑपरेशनची तारीख एक दिवस पुढची सांगितली होती, त्यामुळे ऑपरेशनच्या सकाळी सोबत मी एकटाच होतो. नानांनी घडी केलेला कागद माझ्या खिशात घातला. "उतरलो तर परत द्या. न्हाई उतरलो तर उघडा."

नाना उतरले. कागद त्यांना परत मिळाला. पण मधल्या तासाभरात, बाहेरच्या बाकावर, मी तो वाचला होता.

त्यात मुक्काम आणि गाड्यांच्या वेळा होत्या. प्रवासी दोन, पेपरवाले आणि सौ. खामकर. 'सौ.' खोडून 'श्रीमती' केलं होतं. तेही खोडून पुन्हा 'सौ.' लिहिलं होतं. खाली सूचना होती:

'अलिबागहून मुरूडच्या गाडीत उजवीकडची खिडकी धरावी. समुद्र त्या बाजूस आहे. तिला गाडीत झोप लागते. उठवावे.'