संगीतखोलीतली पाहुणी

तिसरीच्या वर्गाबाहेरचं बेसिन पांढरंशुभ्र दिसलं, तेव्हा ज्ञानोबा शिपायांनी ते घासलं असावं अशी शीलाबाईंची भाबडी समजूत झाली. जवळ गेल्यावर कळलं, ते दूध होतं. वर्गातल्या यच्चयावत मुलांनी आपापला पेला तिथे रिकामा केला होता आणि जाळीवर साय तेवढी अडकून राहिली होती.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांमागच्या त्या चिमुकल्या मराठी शाळेत दूध नुकतंच सुरू झालं होतं, तेही फक्त तिसरीला, प्रयोग म्हणून. मुलं ते पितात का, हे बघायला शुक्रवारी पोषण योजनेच्या मॅडम येणार होत्या. पीत नसतील तर दूध बंद. शीलाबाईंनी याची फारच धास्ती घेतली होती, कारण वर्गातली बरीच मुलं रिकाम्या पोटी येतात हे त्यांना ठाऊक होतं. प्रार्थनेला उभी राहिली की भोवळ येऊन खाली बसणारी रोशनी तर त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नसे.

समजावून झालं, कॅल्शियम सांगून झालं, रंगीत तक्ता लावून झाला. शेवटी त्यांनी वर्ध्याच्या आईचं हत्यार बाहेर काढलं. विहिरीतल्या बाईची भीती घातल्याशिवाय त्यांच्या घरात एकही भावंड कधी धड जेवलं नव्हतं.

सोमवारी धुकं इतकं दाट होतं की खिडक्यांवर कोणी पडदे ओढलेत असं वाटावं. शीलाबाईंनी आवाज खाली आणला.

"आपली ती बंद संगीतखोली आहे ना, तिथे एक मुलगी राहते. फार वर्षांपूर्वी इथेच शिकायची. सदा उपाशी. ज्याचं दूध उरतं ते ती येऊन पिते, आणि पिऊन झालं की पेला पालथा घालते. असा."

त्यांनी टेबलावर स्टीलचा पेला पालथा घातला. टण्! आणि नेमका त्याच क्षणी पलीकडच्या बंद खोलीतल्या जुन्या पेटीने एक लांब उसासा टाकला. पेटीचा भाता फाटलेला होता आणि थंडीत तो आपोआप कुरकुरतो, हे खरं. पण इतका वेळेवर तो कधी कुरकुरला नव्हता.

"एकटीच राहते?" रोशनीने विचारलं.

"एकटीच."

"तिचे मम्मी-पापा?"

"कोणी नाही तिला," शीलाबाई समाधानाने म्हणाल्या. सगळ्या वर्गाचे डोळे बंद खोलीच्या भिंतीकडे लागले होते. मात्रा लागू पडली म्हणायची!

मंगळवारी छोट्या सुट्टीतला चहा उरकून त्या परतल्या तेव्हा बेसिन कोरडं ठणठणीत होतं. शीलाबाईंना आनंदाचं भरतं आलं. पण मग पेले कुठे गेले? वर्गात एकही नव्हता. शोधत शोधत त्या संगीतखोलीच्या खिडकीशी आल्या आणि मळकट काचेतून त्यांनी आत बघितलं. पेटीसमोर सगळे पेले ओळीने मांडलेले होते. रिकामे आणि पालथे. दाराला कुलूप होतं.

"ज्ञानोबा, हे तुम्ही केलंत?"

"मी नाही मॅडम! मला दूध पचतच नाही."

"मग माकडं असतील."

"माकडं पेले पळवतात, मॅडम. पालथे नाही घालत." ज्ञानोबा दोन पावलं मागे सरकले. "आणि किल्ली तर मागच्या वर्षीच हरवलीय."

बुधवारी तेच. गुरुवारी तर खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने एक ओला इवलासा पंजा उमटलेला होता. आपण रचलेल्या गोष्टीला आपणच घाबरायचं म्हणजे अतीच झालं, असं शीलाबाईंनी स्वतःला बजावलं आणि त्या दाराकडे पाठ न करता उलट्या पावली वर्गात गेल्या.

घरी त्यांचा पुतण्या हितेश होता. यूपीएससीचा अभ्यास करायला नांदेडहून आलेला आणि तेव्हापासून हॉलमधल्या दिवाणावर मुक्काम ठोकून असलेला. शीलाबाईंनी त्याला सगळं सांगितलं.

"काकू, सिंपल आहे यार. भूत तुम्ही बनवलंय ना? मग तुम्हीच कॅन्सल करा."

"उद्या येतोस का माझ्याबरोबर?"

"उद्या?" हितेशने घाईघाईने पुस्तक उघडलं. "उद्या माझी टेस्ट आहे."

शुक्रवारी धुकं चक्क व्हरांड्यात शिरलं होतं. मुख्याध्यापिका अरुणाबाई पोषणवाल्या मॅडमना शाळा दाखवत होत्या, आणि छोट्या सुट्टीची घंटा होताच शीलाबाई जीव मुठीत धरून संगीतखोलीपाशी गेल्या. आतून आवाज येत होता. घट्. घट्. घट्. मग कोणीतरी कुजबुजलं, "हळू पी. गरम आहे."

शीलाबाईंनी कुलूप धरून ओढलं, तर ते अलगद हातातच आलं. ते कधी लागतच नव्हतं, नुसतं कडीत अडकवलेलं असायचं. दार करकरत उघडलं. आत पेटीभोवती गोल करून सगळी तिसरी बसली होती, प्रत्येकाच्या हातात पेला आणि ओठांवर दुधाची मिशी. मधोमध घडी घातलेल्या स्वेटरवर एक पेला काठोकाठ भरलेला होता.

"काय चाललंय इथे?"

"श्श! मॅडम, ती लाजते," रोशनी म्हणाली. "पाहुणी आहे ना ती. पाहुण्यांना अकेलं जेवू नाही द्यायचं, मम्मी म्हणते."

चूक झाली होती ती इथे! त्या क्वार्टरांमध्ये पाहुण्याशिवाय घर नव्हतं. कोणी परीक्षेला आलेलं, कोणी मोठ्या इस्पितळात दाखवायला, कोणी नुसतंच दिल्ली बघायला. ही पोरं जन्मापासून गाववाल्यांसाठी पलंग सोडून सतरंजीवर झोपत आली होती. आणखी एक उपाशी मुलगी आली, तर ही पोरं घाबरणार कशाला? त्यांनी तिची सोय लावली. शीलाबाईंना भरून आलं.

"वाह! बच्चे तो सचमुच पी रहे हैं!" मागून पोषणवाल्या मॅडमचा आवाज आला.

"जी, यह हमारा संगीत-पोषण कार्यक्रम है," पेटीकडे बघत अरुणाबाई एका दमात म्हणाल्या.

शीलाबाईंनी रोशनीजवळ वाकून हळूच विचारलं, "आणि हा मधला पेला तिचा?"

"नाही, तिचं झालं. हा तुमचा. कुमुदिनी म्हणाली."

"कोण कुमुदिनी?"

"तीच." रोशनीने पेटीमागच्या कोपऱ्याकडे मान हलवली. "ती म्हणते, मॅडम खुद दूध नाही पीत. छोट्या होत्या तेव्हा जास्वंदीच्या झाडाला घालायच्या. आणि पेला पालथा ठेवायच्या."

गोष्टीतल्या मुलीला त्यांनी नाव दिलंच नव्हतं. आणि वर्ध्याच्या अंगणातल्या जास्वंदीची ती गोष्ट आईलासुद्धा कळली नव्हती. ते कुंपणापलीकडून रोज बघत उभी असायची ती फक्त शेजारची एक किडकिडीत मुलगी. एका हिवाळ्यात ती दिसेनाशी झाली, आणि कुमुदिनी हे तिचं नाव शीलाबाईंनी त्यानंतर कधी उच्चारलं नव्हतं.

सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. पोषणवाल्या मॅडमही कौतुकाने बघत होत्या. शीलाबाईंनी डोळे मिटले आणि सायीसकट पेला रिकामा केला. मग तो पेटीसमोर पालथा घातला. पेटीने पुन्हा उसासा टाकला, पण या वेळी तो पोट भरल्यासारखा वाटला.

दूध साऱ्या शाळेला मंजूर झालं. पोषणवाल्या मॅडम गेल्यावर अरुणाबाईंनी फर्मान काढलं, "ज्ञानोबा, त्या खोलीला आजच नवं कुलूप लावा."

"कुलूप नको," शीलाबाई घाईने म्हणाल्या.

"मग काय करू, मॅडम?" ज्ञानोबांनी दारापासून चार हात लांब उभं राहून विचारलं.

"एक चटई टाका आत. फरशी फार गार आहे."