तिकान्याचा तिसरा कान

मुलांच्या चित्रपटातल्या नायकाला नेमके किती कान असावेत, या गंभीर प्रश्नावर निर्णय घेण्यासाठी निर्मात्यांनी बैठक बोलावली. चित्रपट मी लिहिला होता, त्यामुळे मला दाराजवळची खुर्ची मिळाली.

माझा नायक तिकान्या. हिरवा, केसाळ, आणि टाळूवर तिसरा कान. जंगलातले सगळे त्याला हाकलून देतात आणि शेवटी चार पोरं त्याला कानासकट आपला म्हणतात. बस्स, एवढीच गोष्ट. ती मी माझ्या लेकीसाठी लिहिली होती. तिच्या कानामागे ऐकायचं यंत्र आहे, म्हणून शाळेत तिला कुणी खेळायला घेत नाही. "बाबा, तिकान्या कधी येणार?" असं विचारून तिने माझं डोकं खाल्लं होतं.

बालमानसतज्ज्ञ बाईंनी चष्मा सारखा केला. "कथा फारच हृदयस्पर्शी आहे. फक्त तो तिसरा कान खटकतो."

"अहो, खटकतो म्हणूनच तर गोष्ट आहे!"

"मुलं घाबरतील."

"मुलं नाही हो घाबरत."

"मग पालक घाबरतील. तिकिटं ते काढतात."

खेळणीवाल्यांची अडचण वेगळी होती. कानामुळे बाहुला खोक्यात मावत नव्हता आणि खोकी तर तयार होती. कान कापण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. माझं मत धरायची पद्धत नव्हती.

पुढच्या बैठकीत केस गेले, कारण दोनच कान असलेल्याला एवढे केस शोभेनात. मग हिरवा रंग गेला. बिनकेसांचा हिरवा पोरगा आजारी दिसतो, असा अभिप्राय आला, आणि खरं सांगायचं तर दिसत होताच. शेवटी उरला एक गोरागोमटा, भांग पाडलेला मुलगा.

"पण मग याला जंगलातून हाकलतात कशाला?" निर्मात्यांनी विचारलं.

"तेच तर मी केव्हापासून बोंबलतोय!"

"मग नका ना हाकलू. सुरुवातीलाच मैत्री होऊन जाऊ दे. पुढे गाणी टाकू."

माझं नाव काढा म्हणालो, तर पोस्टरं लागून गेली होती.

पहिल्या खेळाला ही गर्दी! दारावर फुलांनी लिहिलं होतं, 'वेगळ्यांनाही आपलं म्हणा'. तुम्हीही होतात, आमच्याच रांगेत. तुमच्या मुलाने लेकीच्या यंत्राकडे बोट दाखवून "ते काय आहे?" असं विचारलं, तेव्हा तुम्ही त्याला अलगद पलीकडच्या खुर्चीवर सरकवलंत आणि माझ्याकडे बघून गोड हसलात.

दोन तास सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. पडद्यावर, म्हणजे. लेक शेवटपर्यंत तिसरा कान शोधत राहिली. दिवे लागले तसं तिने कानामागचं यंत्र काढलं आणि माझ्या खिशात टाकलं.

"आता मला घेतील ना खेळायला?"

मी काही बोलणार, तोच तुम्ही डोळे पुसत जवळ आलात. "किती गोड हो तुमची लेक! आता तर कळतसुद्धा नाही," म्हणालात, आणि तुमच्या मुलाला पुढे ढकललंत. "चल रे, मैत्री कर ताईशी."

त्याने तिला तिचं नाव विचारलं. दोनदा विचारलं. ती नुसती हसत राहिली. तिला काहीच ऐकू येत नव्हतं.