तहानलेला मेंदू

सन दोन हजारच्या उन्हाळ्यात देवासला नळ आठवड्यातून एकदा यायचा. नेमक्या त्याच उन्हाळ्यात दत्ताजी शितोळेसरांनी शाळेची पक्की नोकरी सोडून 'मेंदूस्नेही अध्यापन वर्ग' काढला. मेंदू म्हणजे बहुतेक पाणीच, तो सुकला की पाढे विसरतो, असं त्यांनी भोपाळच्या एका शिबिरात ऐकलं होतं. झालं, तेच खूळ डोक्यात बसलं. वर्गाचा नियम ठरला: आधी पेलाभर पाणी, मग पाढा, आणि पाढा न चुकणाऱ्याला गृहपाठासाठी घरी न्यायला एक बाटली. घरच्या बोरिंगला पाणी मुबलक होतं.

पहिल्या दिवशी सात मुलं आली, आठवड्यात सत्तर झाली. बाटलीची कॅन झाली, कॅनची कळशी झाली. सरांनी वहीत टिपलं, 'मेंदूची तहान वाढते आहे.' एक दिवस शेजारच्या सत्तरीतल्या जमुनाबाई मांडीवर हंडा घेऊन पहिल्या बाकावर बसल्या.

"जमुनाबाई, एवढं पाणी लागतं तुमच्या मेंदूला?"

"जुना मेंदू आहे बाबा, लवकर सुकतो," म्हणत त्यांनी एकोणतीसचा पाढा घडाघडा म्हटला.

सरांना गहिवरून आलं. "अहो, लोक पाण्यासाठी येतायत," बायको सुभद्रा म्हणाली.

"मग माझा सिद्धांत दुसरा काय आहे?" सर म्हणाले.

कीर्ती धारला पोचली. तिथल्या एका वसतिगृहाचे चालक विक्रमसिंह यांनी सरांना बोलावलं. महिन्यात मुलांना तीसपर्यंत पाढे आले तर नोकरी, नाहीतर परतीची बस. जुनी शाळा आता दारात उभं करणार नव्हती, त्यामुळे सरांची सगळी भिस्त धारवर होती. पण वसतिगृहात पाणी चोवीस तास. मुलांनी पेले एकमेकांच्या अंगावर ओतले आणि जांभया दिल्या. पंचवीस दिवसांत कोणी बाराच्या पुढे सरकेना.

सरांचं धाबं दणाणलं. पुरावा म्हणून त्यांनी जमुनाबाईंनाच धारला आणलं.

"माँजी, राज़ क्या है?" विक्रमसिंहांनी विचारलं.

"काहे का राज़, भिया! तुम्हारे यहाँ नल रोज आता है. मग पोरं कशाला शिकतील?"

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. ते खोलीवर जाऊन वळकटी बांधू लागले. विक्रमसिंह मात्र खूष होते. "बस, इतनी सी कसर थी!" म्हणत त्यांनी टाकीला कुलूप ठोकलं आणि किल्ली व पाढ्यांचं पुस्तक चौकीदार रघुजींच्या हाती दिलं. तीन दिवसांत मुलं तीसपर्यंत पोचली.

सरांची नोकरी पक्की झाली. सत्काराला ते तासभर बोलले आणि कोरड्या घशाने थेट टाकीपाशी गेले.

"रघुजी, एक पेला द्या हो."

"जरूर, सर." रघुजींनी पुस्तक उघडलं. "सत्तावीसचा म्हणा."

"अरे भिया, ही पद्धत माझी आहे!"

"हाँ सर, पण साहब बोले, छूट कोणालाच नाही."

सर पाचव्या ओळीपर्यंत ठीक गेले आणि सहाव्या ओळीला अडले. पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं, पुन्हा तिथंच अडले.

"मेंदू सुकलाय तुमचा, सर," रघुजी कळवळून म्हणाले. "घोटभर पाणी प्याल तर लगेच आठवेल. फक्त आधी पाढा म्हणा."