खिडकीसकट तेवीस शब्द

आमच्या जिल्ह्यात सिनेमाच्या कथेची लॉगलाइन, म्हणजे एका वाक्यातली गोष्ट, स्वतः चालत कार्यालयात येते, टोकन घेते आणि अभिप्राय मिळेपर्यंत बाकावर बसून राहते. कार्यालयात तिला नुसतं 'ओळ' म्हणतात. सोबत लेखक असतो, पण त्याचं काम सही करण्यापुरतं. बोलायचं ते ओळीनं.

ओळीला वीस शब्दांची मर्यादा आहे. शब्द जास्त झाले की ती उंच होते आणि दारातून वाकून आत येते, त्यामुळे मोजत बसावं लागत नाही. पाच वर्षांत मंजूर झाली नाही, तर तिची बदली जाहिरात विभागात होते. काम वाईट नाही. एक चांगली शिकारकथेची ओळ सध्या पाण्याच्या टाकीच्या जाहिरातीत आहे. तिला दिवसाला अकरा सेकंद बोलावं लागतं. मात्र तिकडे गेलेली ओळ पुन्हा शेवटपर्यंत बोललेली कोणी ऐकलेली नाही.

मी तिथं अभिप्राय लिहून घेतो. देतात ते अध्यक्ष, इनामदारबाई. पहिला शेरा कौतुकाचाच हवा असा नियम आहे आणि बाई तो मोडत नाहीत. मागच्या आठवड्यात एका भुताच्या ओळीला त्यांनी 'चपला नीट काढून ठेवल्या' असा शेरा दिला.

त्या मंगळवारी चारच्या सुमाराला एक ओळ एकटीच आली, किंचित वाकून. मी तिला ओळखत होतो. चार वर्षं तिला वायचळ नावाचे निवृत्त चित्रकला शिक्षक घेऊन येत. दरवर्षी बाई तिच्यातले शेवटचे शब्द काढायला सांगत. वायचळ सगळं मान देऊन ऐकत, खिडकी राहू द्या म्हणत, समोरच्या हॉटेलात मिसळ खात आणि ओळीला घेऊन घरी जात.

"वायचळ?" मी विचारलं.

"आषाढात गेले," ओळ म्हणाली. "आता मीच येते."

मी नोंदवहीत 'लेखक' या रकान्यात आडवी रेघ मारली. गेल्या वर्षी घरच्याही काही कागदांवर अशा रेघा माराव्या लागल्या, त्यामुळे हात सरावलेला आहे. मग तिची जन्मतारीख पाहिली. तिला पाच वर्षं त्याच दिवशी पुरी होत होती. कार्यालय पाचला बंद होतं.

इनामदारबाईंनी चष्मा लावून ओळ मोठ्यानं वाचली. "पंचावन्नाव्या वर्षी लग्न ठरलेल्या बँडवाल्याला स्वतःच्या वरातीत घोड्यावर बसायचं आहे, पण गावात क्लॅरोनेट वाजवणारा तो एकटाच आहे, आणि नवरी सकाळपासून खिडकीत उभी आहे."

पहिला शेरा 'वेळेत आली' असा झाला. नायकाला काय हवंय, असं बाईंनी विचारलं. ओळ म्हणाली, घोडा. आडवा कोण येतो? तोच. बाईंना हे आवडलं; बाहेरचा खलनायक आणायची गरज नाही असं त्यांनी मला लिहायला लावलं. नंतर त्या खिडकीवर आल्या. खिडकी काढली तर गोष्टीचं काय अडतं?

ओळीनं थोडा विचार केला. अडत काहीच नाही, हे तिला कबूल होतं.

"तुझे मास्तर हट्टी होते," बाई म्हणाल्या. "तू शहाणी आहेस."

"काढते मी," ओळ म्हणाली. "जाहिरातीत फरश्या विकण्यापेक्षा बरं."

तिनं शेवटचे सहा शब्द अंगावरून उतरवले, शालीसारखी घडी केली आणि टेबलावर ठेवली. ती चार बोटं कमी झाली आणि ताठ उभी राहिली. आवाज मात्र एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा झाला.

शेवटची मंजुरी आमच्याकडे शेवंताबाईंची असते. त्या चहा देतात. त्या चहा देत असताना अध्यक्षांनी ओळ वाचायची, आणि शेवंताबाईंनी आपणहून "मग?" असं विचारलं तर ओळ मंजूर. बाकीच्यांचं कुतूहल पगारी असल्यामुळे ग्राह्य धरत नाहीत. वाचन चालू असताना त्यांच्याकडे पाहण्याला आणि खोकण्याला बंदी आहे.

बाईंनी सतरा शब्द वाचले. शेवंताबाईंनी तीन कप ठेवले.

"आलं संपलंय," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मी तसं लिहून घेतलं. पाचाला वीस मिनिटं कमी होती. जाहिरात विभाग कुठं आहे, असं ओळीनं मला हळूच विचारलं.

"मागच्या बाजूला," मी म्हणालो. "तिथला पंखा चांगला आहे."

कप न्यायला शेवंताबाई परत आल्या. टेबलावर चहा सांडला होता. त्यांना घडी घातलेलं फडकं दिसलं, ते त्यांनी उचललं आणि झटकलं. प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकल्यापासून त्या हाती लागेल ते मोठ्यानं वाचतात.

"आणि नवरी सकाळपासून खिडकीत उभी आहे," त्यांनी वाचलं. ट्रे तसाच एका हातात राहिला. "मग?"

मंजुरी मिळाली होती, पण काढून टाकलेल्या शब्दांना. मी तशी हरकत नोंदवली. इनामदारबाईंनी नियमपुस्तक काढून कलम नऊ दोनदा वाचलं. टेबलावर असेल ते सादर झालं असं समजावं, असं त्यात होतं. म्हणजे सहा शब्द मंजूर होते आणि सतरा नामंजूर.

"चार वर्षं आपण भलत्याच माणसाकडं बघत होतो," बाई शेवटी म्हणाल्या. "गोष्ट नवरीची आहे. तिच्यापासून सुरू कर."

ओळीनं सगळे शब्द उतरवले. बाई पेन्सिलीनं ते पुढंमागं सरकवत होत्या, मी पंख्यानं उडू नयेत म्हणून 'पण' आणि 'आणि' दाबून धरले. 'कारण', 'आवाज' असे काही शब्द तिच्याकडे नव्हते. ते कार्यालयाच्या कपाटातून दिले. पंचावन्नावं वर्ष तिनं पिशवीत ठेवलं. पाचाला सहा मिनिटं असताना ती पुन्हा उभी राहिली आणि तिनं स्वतःला म्हणून दाखवलं.

"सकाळपासून खिडकीत उभ्या असलेल्या नवरीला वरातीचा आवाज येत नाही, कारण गावातला एकमेव क्लॅरोनेटवाला आज घोड्यावर बसला आहे."

सतराच शब्द भरले. 'मग?' खिडकीला आधीच मिळालं होतं, म्हणून बाईंनी शिक्का मारला. सही ओळीनंच केली, मी मारलेल्या रेघेच्या खाली. गोष्ट नवरीची आहे हे वायचळांना माहीत होतं का, असं मी तिला विचारलं.

"खिडकी ठेवायची, एवढंच माहीत होतं त्यांना," ती म्हणाली.

पाच वाजले. बाईंनी पर्स घेतली, मी नोंदवही बंद केली. शेवंताबाई जागच्या हलल्या नाहीत.

"शिक्का बसला, ब्येस झालं," त्या म्हणाल्या. "पर म्या इचारलं त्येचं काय?"

पुढचं मास्तरांनी सांगितलं नव्हतं, असं ओळ म्हणाली.

"त्ये ऱ्हाऊ द्या. तुमास्नी काय वाटतंय?"

ओळींना आमच्याकडे खुर्ची देत नाहीत. शेवंताबाईंनी आपलं स्टूल तिच्यापुढं सरकवलं. ओळ बसली, जरा अडखळली आणि बोलू लागली. इनामदारबाईंनी पर्स परत टेबलावर ठेवली.

साडेसहाला कुलूप लावायचं राहिलंच होतं, आणि ओळीच्या गोष्टीतली नवरी खिडकी सोडून जिन्याच्या चौथ्या पायरीवर होती.