मुराळ्याचा थंड पाय

पायाच्या विषयात माझ्याइतका जाणकार माणूस अख्ख्या असोद्यात नाही, हे मी गेली पाच-सहा वर्षं छातीठोकपणे सांगत आलोय. तुमचे दोन्ही पाय जन्मापासून तुमच्याकडे असतात, त्यामुळे तुम्ही त्यांच्याबद्दल कधी विचारच केलेला नसतो. मी केलाय. माझा उजवा पाय कापसाच्या जिनिंगमधल्या मशिनच्या पट्ट्यात सापडून गुडघ्याखाली गेला, आणि मग एका शिबिरात मला नवा मिळाला. वर पोकळ नळा, खाली रबराचं पाऊल. पावलाला पाच बोटं, नखांसकट! रंगही असा जमलाय की डावा खरा की उजवा, लांबून ओळखू येत नाही.

हिवाळ्यात हा पाय म्हणजे सोनं. उन्हाळ्यात मात्र त्याच्याशी माझं जमत नाही. उरलेला पाय मोजा चढवून त्या नळ्यात घट्ट बसवायचा असतो, तिथे वारा लागायला जागा नाही. एप्रिल उजाडला की आत घामाचा झरा लागतो. चालताना पचक-पचक आवाज येतो, मोजा घसरतो, कातडी सोलवटते, आणि मग पाय मला सोडून आपल्या वाटेने जाऊ बघतो. शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "जवळ दोन कोरडे मोजे ठेवा. मधूनमधून थांबा, पाय काढा, पुसा, मोजा बदला, मग चाला." इतका साधा उपाय माझ्यासारख्या जाणकाराला पटेल का?

हे असं चाललं होतं, तोवर एक्याण्णव साल आलं आणि आमच्या कोकिळेची लग्नानंतरची पहिली आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात लेक एखाद्या दिवाळीला नाही आली तर चालवून घेतात, पण आखाजीला ती माहेरी पाहिजे म्हणजे पाहिजे. आणि ती आपली आपण येत नाही. माहेरचं माणूस तिला घ्यायला जातं, त्याला मुराळी म्हणतात.

कोकिळेला भाऊ नाही. चुलतभाऊ आपापल्या सख्ख्या बहिणी आणायला चहूकडे पांगलेले. त्यात तिच्या सासऱ्यांचं, म्हणजे आमचे व्याही अभिमन आबा यांचं कार्ड आलं: 'आपण पायाने अधू. उन्हात येण्याची तसदी घेऊ नये. सूनबाईंची आखाजी पुढील वर्षी करू.'

प्रमिला, म्हणजे आमची बायको, कार्ड वाचून डोळ्याला पदर लावून बसली. अंगणातल्या निंबाला तिने लेकीसाठी झोका आधीच बांधून ठेवला होता. तो रिकामा झोका बघून मलाही गलबललं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला 'अधू' हा शब्द झोंबला.

"मीच जाणार," मी म्हटलं. "माझ्या लेकीचा मुराळी मी."

"नरडाणा स्टेशनापासून दीड कोस चालायचंय. घामाचं काय कराल?"

"घामाचा बंदोबस्त माझ्याकडे लागला."

बंदोबस्तासाठी मी पारसमल शेठच्या दुकानात गेलो. त्यांनी घामोळ्यांच्या पावडरीचे दोन डबे काढून समोर ठेवले.

"लोटनभाऊ, तान्ह्या पोराला चालते, तुमच्या पायाला का नाही चालणार?"

मी एक अख्खा डबा नळ्यात रिकामा केला आणि सरावासाठी जळगाव रस्त्याला लागलो. जाताना फारच छान वाटलं. येताना पाय जड व्हायला लागला. घरी येऊन काढून पाहिला तर आत कणीक मळलेली, तीही सुगंधी. प्रमिलाने बोटाने दाबून पाहिली.

"मऊ झालीय," ती म्हणाली. "मीठ घालायचं राहिलं तेवढं."

दुसऱ्या दिवशी पावडरीची तक्रार घेऊन मी पुन्हा शेठकडे गेलो, तर त्यांच्या दुकानात कूलर फरफरत होता. पत्र्याला भोकं, भोकांतून वारा. मी तक्रार विसरलो आणि तसाच उखर्डू सुताराकडे गेलो. पाय काढून त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "याला पोटरीच्या बाजूने वीस भोकं पाड."

उखर्डूने गिरमिट हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "भाऊ, मी आजवर पायाला गिरमिट लावलेलं नाही."

"मीही लावून घेतलेलं नाही. पाड."

भोकं पडली. घरी टेबलफॅनपुढे बसलो तर आत अशी झुळूक आली की मला झोप यायला लागली. निघायच्या दिवशी पहाटे प्रमिलाने पिशवीत दोन कोरडे मोजे घातले. मी ते गुपचूप काढून फडताळात ठेवले. मुराळी म्हणजे काय झाडाझाडाखाली बसून मोजे वाळत घालणारा माणूस?

जळगावहून पॅसेंजर पकडून मी नरडाण्याला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. पहिला पाव कोस मी असा चाललो की मागून पाहणाऱ्याला वाटावं, पाटलांचा तरुण मुलगा चाललाय. मग माझ्या लक्षात आलं की भोकांतून वारा आत येतो हे खरं, पण तो बाहेर असतो तसाच आत येतो, आणि बाहेर तो भट्टीतला होता. वर त्याच्याबरोबर धूळही येत होती. घाम मात्र आता कोंडून राहत नव्हता. पाऊल टेकलं की वीस भोकांतून वीस चिळकांड्या उडत होत्या. पँट पोटरीला चिकटली. मागे रस्त्याच्या धुळीत ओला माग उमटत होता.

समोरून बैलगाडी आली. गाडीवान माझ्याकडे आणि त्या मागाकडे बघत म्हणाला, "भाऊ, तुमनं काहीतरी गयी ऱ्हायनं."

"गळतंय ते माहीत आहे," मी म्हटलं आणि शक्य तितक्या ऐटीत पुढे गेलो.

अभिमन आबा ओसरीतच बसले होते. मला पाहून ताडकन उठले.

"लोटनभाऊ? इतला ऊनम्हा?"

"मुराळी आलोय, आबा."

ते आत जाऊन भरलेली बादली आणि तांब्या घेऊन आले. मुराळ्याच्या पायावर पाणी घातल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. नको म्हणावं तर अपमान, खरं सांगावं तर भोकांची कथा सांगावी लागणार. भोकं दिसणार नाहीत इतपतच पँट वर घेऊन मी उभा राहिलो. आबांचा हात सढळ. त्यांनी पुढून घातलं, मागून घातलं, बादली संपवली. त्यातलं निम्मं पाणी भोकांतून आत गेलं आणि खालच्या पोकळीत जाऊन बसलं. मी उंबरा ओलांडला तेव्हा माझा पाय डुबुक-डुबुक वाजत होता.

"कोकिळा कुठे आहे?"

"शेजारी शेवया कराले गयी. बलावतस. तुम्ही आधी खाटवर पाय लांब करा."

मी पाय लांब केले. उभा होतो तोवर पाणी तळाशी होतं. पाय आडवा होताच ते पोटरीच्या भोकांतून निघालं. आधी गोधडी भिजली, मग खाटेखाली धार लागली, आणि ती धार हळूहळू सरकत आबांच्या जोड्यांपर्यंत गेली. आबांनी धारेकडे पाहिलं, मग घाईघाईने छताकडे पाहिलं. छत न्याहाळत हलक्या आवाजात म्हणाले, "लोटनभाऊ, धोतर दिऊ का?"

माझ्या कानाला चटका बसला. "आबा, घाम आहे तो!"

"इतला घाम?"

"पायातला आहे."

झालं. माणसाच्या एका पायातून बादलीभर घाम निघतो आणि तो आपल्या तोंडाने तसं सांगतो, यावर आबांनी एकच अर्थ काढला. "अरे, याले ऊन लागनं!" ते ओरडले, आणि घर कामाला लागलं. मला आडवं पाडलं. डोक्याखाली फोडलेला कांदा ठेवला. अंगावर ओलं लुगडं टाकलं. कैरीचं पन्हं दोन पेले पाजलं. मी बोलायला तोंड उघडलं की तिसरा पेला येत होता. आबांचं बोलणं मला ऐकू येत होतं. ते कोणाला तरी सांगत होते, "असा माणूससंगे पोरले कसं धाडाव? वाटम्हा पडी गया ते ती काय करई?"

ते ऐकून मी उठायला बघत होतो. पण पहाटेपासूनची वाटचाल, गार लुगडं आणि पोटात पन्हं. त्यातच माझा डोळा लागला.

यापुढचं मला नंतर सांगितलेलं आहे. आबांच्या आई झुंबरबाई ऐंशीच्या पुढच्या. लग्नाच्या वेळी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्या आल्या नव्हत्या, आणि माझ्या पायाचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ऊन लागलेल्या माणसाच्या तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासली की अंगातली उष्णता उतरते आणि तूप काळं पडतं, हे त्यांचं औषध. त्या वाटी घेऊन पायथ्याशी बसल्या आणि हाताला आला तो पाय मांडीवर घेतला. तो नेमका उजवा होता.

त्यांनी घासलं. तूप काळं पडेना. माणूस पाय आखडेना, त्याला गुदगुल्याही होईनात. त्यांनी आणखी घासलं. मग पावलाला हात लावून पाहिला. नुकतंच विहिरीचं पाणी पोटात घेतलेलं रबर ते.

"अभिमन! अरे, याना पाय बरफ व्हयी गया रे!"

आमच्याकडे समजूत अशी की माणूस जायला निघाला की आधी पायाकडून गार पडतो. आबा धावले, शेजारपाजार धावला. शेवयांच्या पिठाने भरलेल्या हातांनी कोकिळा धावत आली. मला जाग आली ती तोंडात तुळशीचं पाणी पडल्यामुळे. डोळे उघडून पाहतो तर भोवती पंधरा चेहरे, आणि माझी पोर "नाना, नाना" करून रडतेय.

मी घाबरून उठून बसलो. झुंबरबाईंनी पाय घट्ट धरलेला होता. आतला मोजा भिजून बुळबुळीत झालेला. पचक असा आवाज झाला आणि मी एकीकडे, पाय दुसरीकडे. पाय झुंबरबाईंच्या मांडीवर राहिला.

 काशाची वाटी गरगर फिरत जाऊन भिंतीला लागली.

कोकिळेने पिठाच्या हातानेच डोळे पुसले. "आजी, घाबरू नका हो. तो पाय थंडच ऱ्हास. तो रबरना शे."

झुंबरबाईंनी पाय उचलून डोळ्याजवळ नेला. आधी बोटं मोजली. मग उलटा करून भोकांतून उजेडाकडे पाहिलं.

"हाऊ पाय शे का चायनी?" त्या म्हणाल्या.

चाळणी म्हणताच पहिलं हसू आबांना फुटलं, मग कोणाला आवरेना. मीही हसलो, पण मला आतून लाज वाटत होती. हसणं ओसरल्यावर मी आबांना म्हटलं, "आबा, चूक माझी आहे. भोकं माझ्या अकलेची. पण पोरीची पहिली आखाजी आहे. तिच्या आईने झोका बांधून ठेवलाय. तो रिकामा राहिला तर मला घरात तोंड दाखवता येणार नाही. मी नेतो तिला."

आबांनी आईकडे पाहिलं. बोलल्या त्या झुंबरबाई.

"मनी पहिली आखाजीले मुराळी उना नई. बापले येवाले फावनं नई. मी दिनभर दारम्हा उभी ऱ्हायनू." त्यांनी पाय माझ्याकडे सरकवला. "हाऊ ते एक पायवर उना. पोरले धाड, अभिमन."

आईपुढे आबांचं चालत नसे, हे मला तेव्हा कळलं आणि फार बरं वाटलं. संध्याकाळी झुंबरबाईंनी आपलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून मला पायाला गुंडाळायला सहा पट्ट्या करून दिल्या. आबांनी मेण तापवून वीसच्या वीस भोकं बुजवली. मग ते कोकिळेला काय सांगतायत ते मी खाटेवर पडल्यापडल्या ऐकलं.

"सूनबाई, सकाळे ऊन चढाना आगोदर निंघा. तुना नानाले आपला हातथीन घर पोचाड. एकला सोडू नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. ट्रंक आबांच्या गड्याने स्टेशनापर्यंत आणली. वाटेत दर निंबाखाली कोकिळा मला बसवी, पाय काढायला लावी, तान्ह्या पोराचा लंगोट बदलावा तशी ओली पट्टी सोडून कोरडी गुंडाळी, आणि ओली पट्टी ट्रंकेवर वाळत टाकी. मी एकदाही कुरकूर केली नाही. दीड कोसात एकदाही पचक झालं नाही. गाडीत तिने मला खिडकीची जागा दिली, पाणी पाजलं, जळगावला हात धरून उतरवलं. मी लहान असताना माझ्या आईनेही माझी इतकी काळजी घेतल्याचं मला आठवत नाही.

असोद्याच्या स्टँडवर एसटी थांबली तर पारसमल शेठ समोरच उभे. ट्रंक पाहून ते खूश झाले.

"वा, लोटनभाऊ! या उन्हात जाऊन लेकीला घेऊन आलात?"

मी कोकिळेकडे पाहिलं. तिचा एक हात माझ्या दंडाला होता आणि दुसऱ्या हातात वाळलेल्या पट्ट्या होत्या. ती शेठकडे पाहून हसली आणि काहीच बोलली नाही.

"आणली," मी म्हटलं.

पोर फार गुणी आहे हो.