विमलाकाकीला कोणी पाडलं?

ज्याचा एकच अर्थ निघेल असा प्रश्न विचारणं ही कला आहे, आणि फिजिओथेरपीच्या पदवीबरोबर ती मला मिळाली आहे, असं मी शिरोड्यात सगळ्यांना सांगत असे. म्हणून तर सर्वेशने मुंबईहून फोन करून त्याच्या आईला तपासायला सांगितलं. विमलाकाकी एकटी राहते. ती पडत-झडत असेल तर तो तिला मुंबईला नेणार होता, आणि काकीला तिथे जायचंच नव्हतं.

काकी खुर्चीवरून झटकन उठली, दारापुढच्या खळ्यात चालून आली, एका पायावर बगळ्यासारखी उभी राहिली. मी थक्क! उरला एकच प्रश्न. घोळ नको म्हणून तो मी मुद्दाम शुद्ध मराठीत, अहो-जाहो करून विचारला.

"गेल्या वर्षभरात पडलात का?"

काकीचा चेहरा उतरला. "पडलंय मा."

"कुठे?"

"शाळेत."

या वयात शाळेत? माझं कुतूहल चाळवलं. "कशामुळे?"

"जावेन पाडल्यान. रुक्मिणीन."

"एकटीने?"

"एकटी खंयची? अर्धी वाडी होती तिच्यावांगडा."

"लागलं का?"

"लागतला नाय? अजून हय दुखता," म्हणत तिने छातीवर हात ठेवला.

मी बरगड्या चाचपल्या. सगळ्या शाबूत. म्हणजे मुका मार! मी तडक सर्वेशला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीतून उतरला तो थेट रुक्मिणीच्या दारात. त्याच्यामागे मी, आणि काय चाललंय ते न कळलेली विमलाकाकी.

"काकी, माझ्या आवशीक तू पाडलंस?"

रुक्मिणीने विळीवर बांगड्याचं डोकं उडवलं. "मगे? सात मतांनी पाडलंय. परत उभी रवली तर परत पाडतलंय."

सर्वेश हसत पायरीवर बसला. ग्रामपंचायतीचं मतदान शाळेत होतं, हे मला तेव्हा आठवलं.

अब्रू सावरायला मी विमलाकाकीला विचारलेला प्रश्न दुरुस्त केला. "गो काकी, न्हाणीत पाय सरकान कधी खाली इलंस?"

"ता होय? शेवाळ आसा, सरकतंय मधीमधी. त्याका पडणा कोण म्हणता?"

सर्वेशचं हसू थांबलं. "आई, बॅग भर."

फुटलेलं मत सापडल्यासारखी काकी माझ्याकडे बघत राहिली.

रुक्मिणीने विळी बाजूला सारली. "हिका मुंबैक न्हेलंस तर मी पाडू कोणाक?"

सर्वेशने बॅगेचा विषय सोडला. संध्याकाळपर्यंत त्याने न्हाणीत धरायला दांडा बसवला. आंघोळीच्या वेळी रोज हाक मारून जायचं रुक्मिणीने कबूल केलं. शेवाळ घासायचं काम मात्र शास्त्राच्या, म्हणजे माझ्या, वाट्याला आलं.

"जपान गो अनुजा," काकी दारातून म्हणाली, "पडशीत."

कोणत्या अर्थाने, ते मी विचारलं नाही.